काडेपेटीएवढा कार्बोरेटर

झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला इंजिनाची पहिली ओळख झाली ती रॉकेलच्या पंपाने. वीज वावरात यायच्या आधीची ही गोष्ट. बोडीत पाणी आहे, बांधीत धान वाळत आहे, आणि मधे चार हात उंच पाळ. मग कोणीतरी पंप आणायचा. पेट्रोलवर सुरू करायचा, गरम झाला की कळ फिरवून रॉकेलवर घ्यायचा. मी १९७७ साली दहावी झालो, पुढे शिकणं झालं नाही, आणि घरच्या पंपाचा मिस्त्री झालो. कोणी शिकवलं नाही. रात्री पंप बंद पडला की दुसऱ्या गावाहून मिस्त्री येत नसे, एवढीच माझी शाळा.

त्या पंपाचा कार्बोरेटर समजायला सोपा होता. खाली एक वाटी, वाटीत तेल, तेलावर तरंगणारा फ्लोट. वाटी भरली की फ्लोट वर येऊन तेलाची वाट बंद करतो, वाटी रिकामी झाली की खाली जाऊन वाट मोकळी करतो. आमच्या माणसाला हे सांगायला चित्र लागत नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. सात बहिणींच्या डोंगरांमधली फट त्यांनी पाळीने बुजवली. कोलासूर म्हणून आजही त्यांना पुजतात. तेव्हापासून इथल्या पोराला पाळ, तुडुम आणि सलंग हे तीन शब्द बाराखडीच्या आधी येतात. पाणी अडवते ती पाळ. पाहिजे तेवढंच पाणी पाटात सोडतो तो तुडुम. जास्तीचं पाणी वाहून जाते तो सलंग. पंपाचा कार्बोरेटर म्हणजे चहाच्या कपाएवढा तलाव. तुडुम बुजला की पाणी नाही, तसं जेट बुजला की इंजिन नाही.

लाकूड कापायचं पेट्रोलचं मशीन आमच्या गावात फार उशिरा आलं. आधी कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढायचा आरा. आता आठ-दहा वर्षांत चायनाची स्वस्त मशीनं आली, अठ्ठावन सीसीची, नारंगी रंगाची. कोणी चेनसॉ म्हणते, कोणी कटर म्हणते, म्हातारी माणसं त्याला 'भुंगा' म्हणतात. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने असंच एक मशीन घेतलं. त्याची दोन एकर धानाची जमीन. दोन एकरात चार माणसांचं पोट भरते, पण शाळा, दवाखाना आणि लग्न भरत नाही. रोवणा आणि कापणी या दोन कामांच्या मधले महिने रिकामे जातात. त्याच्या बायकोने बचत गटातून कर्ज काढलं आणि मशीन घरात आणलं. धुऱ्यावरची निलगिरी, सुबाभूळ तोडून द्यायची, वादळात पडलेलं झाड कापून द्यायचं, लग्नघरी सरपण फाडून द्यायचं, असं काम त्याला मिळायला लागलं.

मशीन यायच्या आधी तो दोन वर्षं दिवाळीनंतर नागपूरला जात होता. एका गोदामात रात्रपाळी. घरी दोन लहान लेकरं आणि त्याची आई, म्हणजे माझी भावजय, जिला आता डोळ्यांनी कमी दिसते. मशीनमुळे तो घरी थांबला. म्हणून ते मशीन बंद पडलं तेव्हा नुसतं मशीन बंद पडलं नव्हतं.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरच्या निलगिरी तोडायचं काम त्याने घेतलं होतं. व्यापाऱ्याची गाडी ठरलेली, इसार घेतलेला, आणि मृग लागायच्या आत लाकूड बाहेर काढणं भाग होतं. एकदा बांधीत पाणी साचलं की ट्रॅक्टरही आत जात नाही. काम अर्धं झालं आणि मशीन नखरे करायला लागलं. वीस-पंचवीस वेळा दोरी ओढावी तेव्हा पेटायचं. मंद चालायचं बरोबर. पण एक्सिलेटर दाबला की 'भुर्र' करून जीव सोडायचं. अर्धा चोक ओढून ठेवला तर थोडं कापायचं, मग तेही नाही.

तो मशीन घेऊन तालुक्याच्या एका दुकानात गेला. दुकानदाराने मशीन उघडलंही नाही. म्हणाला, कार्बोरेटर गेला, नवीन मागवावा लागेल, आठ-दहा दिवस लागतील; नाहीतर नवीन मशीनच घेऊन जा, हप्त्याने देतो. संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. मशीन पायाशी.

"मोठेबाबा, आता का करू जी? आठ दिवसांत पाणी लागते."

"दुकानवाल्यानं प्लग काढून पाह्यला का?"

"नाही जी. हात बी नाही लावला."

"मंग त्याले काहाचं माहीत कार्बोरेटर गेला म्हणून?"

त्याच्या बायकोने पाण्याचा गिलास ठेवता ठेवता म्हटलं, "मामाजी, हप्ता दहा तारखेले आहे." तिने एवढंच म्हटलं. बाकीचं आम्हा दोघांनाही समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही बसलो. मी आधी कार्बोरेटरला हात लावला नाही. पंपाच्या दिवसांपासूनची माझी रीत अशी, की तलावात पाणी आहे का ते आधी पाहावं, मग पाट पाहावा, मग तुडुम. पाणीच नसेल तर तुडुमाला शिव्या देऊन उपयोग नाही.

पहिलं टाकीचं झाकण. पेट्रोल टाकीतून जितकं बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि मशीन पाच-दहा मिनिटांनी बंद पडते. झाकण सैल केलं की पुन्हा चालते. आम्ही झाकण सैल करून पाहिलं. काही फरक नाही. म्हणजे दोष तिथं नव्हता.

दुसरा प्लग. दोरी पाच-सहा वेळा ओढली आणि प्लग काढला. कोरडा ठाक, टोकाला पांढुरका. प्लग ओला निघाला असता तर पेट्रोल येते पण ठिणगी पडत नाही असं समजलो असतो. कोरडा म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. पांढुरका म्हणजे बऱ्याच दिवसांपासून मशीन उपाशी चालत आहे. हे मला सर्वांत भीतीचं वाटलं. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल वेगळं नसते. ते पेट्रोलात मिसळूनच आत जाते. एक लिटरला चाळीस मिली तेल, म्हणजे पंचवीसला एक, असं हे मशीन घेताना सांगितलं होतं. पेट्रोल कमी गेलं तर तेलही कमी जाते, आणि वरून गरमी वाढते. मग पिस्टन सिलिंडरला धरतो. तेव्हा कार्बोरेटरचा खर्च राहत नाही, मशीनचाच खर्च होतो. अर्धा चोक ओढून काम रेटायचं नाही, हे मी पोराला तिथंच सांगितलं.

तिसरा टाकीतला फिल्टर. तारेचा आकडा करून नळी बाहेर ओढली. टोकाला करंगळीच्या पेराएवढा फिल्टर, भुऱ्या मळाने भरलेला. नळी दाबून पाहिली तर शिजलेल्या शेवईसारखी मऊ, आणि टाकीत शिरते तिथं बारीक चीर. ती चीर पेट्रोलऐवजी हवा ओढत होती. नळी आणि फिल्टर दोन्ही गावातच मिळाले, फवारणीच्या पेट्रोल पंपाचे चालले. बसवून पाहिलं. मशीन आधीपेक्षा लवकर पेटलं, पण एक्सिलेटर दाबला की तेच. म्हणजे पाट मोकळा झाला होता, आता तुडुमच राहिला.

कार्बोरेटर काढला तेव्हा पुतण्या पाहतच राहिला. एवढ्या मोठ्या आवाजाच्या मशीनचा कार्बोरेटर काडेपेटीएवढा. "याच्यात वाटी कोठी आहे जी?" त्याने विचारलं. वाटी नसतेच, आणि या मशीनची सारी गंमत त्यातच आहे. पंप जमिनीवर उभा असतो, म्हणून त्याला वाटी आणि फ्लोट चालतो. कटर कधी आडवं धरतात, कधी उलटं, कधी झाडावर चढून वर करतात. तांब्या उलटा केला तर पाणी सांडणारच. म्हणून परदेशातल्या कारागिरांनी वाटी काढून टाकली आणि तिच्या जागी दोन पडदे लावले. त्यानंतरच एका माणसाने कशीही धरून चालवायची करवत झाली. आज वॉल्ब्रो, झामा, टिलोटसन अशा नावांचे कार्बोरेटर जगभर चालतात. चायनाच्या मशीनवरचे त्यांच्याच ठेवणीचे असतात.

मी त्याला समजावलं ते असं. एका बाजूचा पडदा हा मोटेसारखा आहे. इंजिनाच्या पोटात पिस्टन वरखाली होतो तशी हवेची ओढ आणि दाब तयार होतो. बारीक छिद्रातून तो झटका या पडद्यापर्यंत येतो. पडदा धडधडतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे ढकलतो. दुसऱ्या बाजूचा पडदा हा पानकऱ्यासारखा आहे. पेट्रोल किती सोडायचं ते तो ठरवतो. इंजिनाने पेट्रोल ओढलं की पडदा आत झुकतो, एका छोट्या तरफेला दाबतो, तरफ सुई उचलते आणि पेट्रोल आत येते. भरलं की पडदा मागे, सुई खाली, वाट बंद. म्हणजे तीच पाळ आणि तोच तुडुम, फक्त पाणी साठवायचं नाही. लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच.

"अन् पडदा वाकलाच नाही तं?"

"तं पाटात पाणी कमी. आता पाहू, वाकते का नाही."

जुन्या वर्तमानपत्रावर एक पांढरं फडकं अंथरलं. माझा एक नियम आहे. मशीन उघडताना जे आधी निघेल ते डावीकडे, मग उजवीकडे सरकत जायचं. लावताना उजवीकडून डावीकडे यायचं. पुतण्याला म्हटलं, तू पेन्सिलीने कागदावर काढत जा. आधी मोजणीच्या बाजूचे चार स्क्रू. झाकण निघालं, पडदा निघाला. मी तो दोन बोटांत धरून कानाजवळ नेला आणि दाबला. वाळल्या पापडासारखा 'कट्' असा आवाज आला. चांगला पडदा आवाज करत नाही, तो हातात लोळतो. हा ताठ झाला होता. इंजिन पेट्रोल मागत होतं आणि पानकऱ्या जागचा हलत नव्हता.

पडद्याच्या खाली गॅस्केट. त्याखाली तरफ, तिचा आस, आणि तरफेखाली तिळाएवढी स्प्रिंग. आस धरणारा स्क्रू काढताना वर बोट ठेवावं लागते, नाहीतर स्प्रिंग उडून जाते आणि मग दिवसभर अंगण झाडत बसा. सुई काढून भिंगातून पाहिली. टोकाला कडं पडलेलं. मग उलट बाजू उघडली, मोटेची. इथं क्रम उलटा असतो. मोजणीच्या बाजूला धातूवर आधी गॅस्केट, मग पडदा. मोटेच्या बाजूला धातूवर आधी पडदा, मग गॅस्केट. हे उलटसुलट झालं तर सारं नवीन घालूनही मशीन चालत नाही. याच बाजूला तुरीच्या दाण्याएवढी बारीक जाळी असते. शेवटचा पहारेकरी. ती हिरवट पांढऱ्या चिकट राळेने पार बुजलेली.

साफ करायला आमच्याकडे फवाऱ्याचा डबा नव्हता. ताजं पेट्रोल वाटीत घेतलं, जुना मऊ ब्रश घेतला, आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. हवा मारताना पडदे जागेवर नकोत, फाटतात. छिद्रात तारही घालायची नाही. तलावाच्या तुडुमात बांबू कोंबला तर तुडुम मोठा होतो, मग पाणी आवरत नाही. जेटचं छिद्र केसाएवढं. त्याला ओरखडा पडला की मोजणी कायमची गेली. एल आणि एच हे दोन स्क्रू काढायच्या आधी ते किती फेरे उघडे आहेत तेही मोजून लिहून घेतलं. एच तर कोणीतरी आवळून जवळपास बंदच केला होता. पुतण्या म्हणाला, एका मित्राने पेट्रोल वाचावं म्हणून फिरवला होता. पेट्रोल वाचते आणि पिस्टन जातो, असा तो हिशेब.

किट मात्र आमच्या गावात नव्हतं. पुतण्या गोंदियाला गेला, आणि जुना पडदा खिशात घालून गेला. दुकानात पडद्यावर पडदा ठेवून मिळवून आणला. दोन पडदे, दोन गॅस्केट, सुई, तरफ, स्प्रिंग, जाळी, सारं एका पुडीत, आणि नवीन कार्बोरेटरच्या चौथाई किमतीत.

बसवताना सर्वांत नाजूक काम तरफेची उंची. ती वर राहिली तर पेट्रोल जास्त सुटते, खाली राहिली तर कमी. या ठेवणीच्या कार्बोरेटरला तरफेचं टोक खोलीच्या तळाशी समपातळीत पाहिजे. लेकीच्या कंपास पेटीतली स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिलं आणि चिमट्याने हळूच वाकवलं. मग सुई नीट बसली का ते पाहायला मी एक युक्ती केली. माझ्या घरी रक्तदाबाचं जुनं यंत्र पडलेलं आहे, पट्टा फाटलेलं. त्याचा रबरी फुगा आणि काट्याची तबकडी चांगली आहे. तिची नळी कार्बोरेटरच्या पेट्रोल शिरण्याच्या तोंडाला लावली आणि काटा दोनशेवर नेऊन थांबलो. पुतण्याची मुलगी मोठ्याने पन्नासपर्यंत मोजत होती. काटा हलला नाही. सुई वाट धरून बसली होती. "मोठ्या आबाचं नाही, मशीनचं बीपी चांगलं आहे," ती म्हणाली.

मशीन बसवलं. एल आणि एच दोन्ही हलक्या हाताने बंद करून सव्वा फेरा उघडले. चौथ्या ओढीला पेटलं. दोन-तीन मिनिटं गरम होऊ दिलं. मग एल असा ठेवला की एक्सिलेटर दाबताच ते न अडखळता उठावं. मंद चालीचा स्क्रू असा की साखळी जागेवर थांबावी, कारण हातातलं मशीन मंद असताना साखळी फिरत असेल तर कधी मांडी कापेल सांगता येत नाही. शेवटी एच. पूर्ण एक्सिलेटरला रिकामं मशीन थोडं फडफडत, घोगरं वाजायला पाहिजे, आणि लाकडात घातलं की आवाज साफ व्हायला पाहिजे. रिकाम्यातच शिट्टीसारखा टणटणीत आवाज आला तर ऐकायला बरा वाटते, पण तो उपाशी मशीनचा आवाज आहे. माझे कान आता पहिल्यासारखे नाहीत. पुतण्याचे आहेत. मी स्क्रू फिरवत होतो आणि तो सांगत होता, "आता घोगरं... आता साफ... मागं घ्या जी." एच त्याच्या कानाने लागला.

मशीन लागलं, पण माझ्या मनातून एक प्रश्न जात नव्हता. मशीन तीनच वर्षांचं. माझ्या रॉकेल पंपाची वॉशर-गॅस्केटं दहा-दहा वर्षं टिकली. मग हा पडदा एवढ्यात पापड का झाला? नळी का शिजली?

पेट्रोलात आता इथेनॉल आहे, हे आम्ही वाचून होतो. २०२२ च्या जूनमध्ये देशात दहा टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. आधी वीस टक्क्यांचं साल २०३० धरलं होतं, ते अलीकडे ओढलं. मी घरी एक प्रयोग केला. औषधाची खुणा असलेली उंच बाटली घेतली. वीस मिली पाणी, त्यावर शंभर मिली पेट्रोल. बूच लावून हलवली, हळूच बूच सैल करून वाफ सोडली, आणि सावलीत ठेवली. थोड्या वेळाने दोन थर पडले. खालचा पाण्याचा थर वीसवर राहिला नाही, चाळीसच्या आसपास आला. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्यात उतरलं होतं.

ज्या भागात मोहाची पहिली धार माहीत आहे त्या भागात हे कळायला शाळा लागत नाही. दारू आणि पाणी यांची जुनी दोस्ती. इथेनॉल म्हणजे दारूच. पावसाळ्यात हवेतली ओल ते ओढून घेते. कटर महिनाभर कोपऱ्यात पडलं आणि टाकीत पेट्रोल राहिलं, तर पाणी धरलेलं इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसते. आणि फिल्टर तळाशीच असतो. वरून चांगलं पेट्रोल दिसते, मशीन मात्र खालचं पिते. जुन्या रबराला आणि पडद्याला हे पेय मानवत नाही. काही फुगतात, काही वाळून ताठ होतात. नवीन गाड्यांना त्यासाठी वेगळे रबर देतात. स्वस्तातल्या कटरला कोण देणार?

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला सोडून देता येत नाही. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून आणि रसापासून होते, मक्यापासून होते, आणि तांदळापासूनही होते. सरकारी गोदामातला तांदूळ इथेनॉलच्या कारखान्यांना देत होते. २०२३ च्या जुलैमध्ये ते बंद केलं, पुढे पुन्हा सुरू केलं. गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात. कोहळी समाज तर तलावाच्या पाण्यावर ऊस करणारा समाज. म्हणजे आमच्याच बांधीतला दाणा कुठंतरी जाऊन, दारू होऊन, पेट्रोलात मिसळून, आमच्याच मशीनचा पडदा वाळवायला परत येतो. धानाला गिऱ्हाईक वाढलं तर मला ते नको आहे असं नाही. शेतकऱ्याने दोन पैशांची वाट बंद करा म्हणू नये. पण पंपावर वीस टक्के लिहिताना ज्याच्याकडे जुनं कटर, जुना फवारा, जुना पंप आहे त्याने काय करावं तेही दोन ओळीत लिहिलं पाहिजे. ते सांगणारा माणूस गावात येत नाही. म्हणून मी इथं लिहितो.

आम्ही जे ठरवलं ते असं. कामापुरतंच पेट्रोल आणायचं, महिन्याच्या वर ठेवायचं नाही. डबा घट्ट बुचाचा, सावलीत. तेल मिसळलेल्या डब्यावर तारीख लिहायची. काम संपलं आणि पुढे आठ-पंधरा दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. फिल्टर दर हंगामाला. आणि किटची एक पुडी घरात असू द्यायची, जशी आपण सर्पदंशाच्या दिवसांत टॉर्चचे सेल ठेवतो.

निलगिरीचं काम मृगाच्या तीन दिवस आधी संपलं. गाडी भरून गेली. हप्ता तारखेला गेला.

कटरबद्दल लिहिताना जंगलाबद्दल लिहिलं नाही तर अर्धंच लिहिलं असं होईल. आमच्या गावाला लागून १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत इथं राहून 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. त्यांनी ज्या पाखरांची नावं जगाला सांगितली ती आमच्या तलावावर अजून हिवाळ्यात येतात. कुऱ्हाडीला एक झाड पाडायला दिवस लागायचा. त्या दिवसभरात माणसाला दहादा विचार करायला सवड मिळायची. कटरला पाच मिनिटं पुरतात. म्हणून मशीन दुरुस्त करून देताना मी पुतण्याकडून कबूल करून घेतलं, की आपल्या मालकीच्या जमिनीवरचं असलं तरी साग, येन, मोह, बीजा, आंबा, जांभूळ यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. १९६४ चा कायदाच तसा आहे. पण कायदा नसता तरी मोहाला लावू दिला नसता. मोहाची फुलं वेचून ज्या घराने उन्हाळे काढले, त्या घराने ते झाड पाच मिनिटांत पाडू नये.

"माझा भुंगा मोहाजवळ जाणार नाही जी," तो म्हणाला. आतापर्यंत गेलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावातून दोन मशीनं त्याच्याकडे आली, एक कटर आणि एक फवाऱ्याचं. दोन्ही त्याने मला न बोलावता उघडली. मी गेलो तेव्हा तो प्लग हातात धरून पाहत होता, कोरडा की ओला. दिवाळीनंतर तो नागपूरला गेला नाही. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. दोन एकर म्हणजे दोनच एकर. पण पेन्सिलीने काढलेला तो कागद त्याच्या पडवीतल्या भिंतीवर चिकटवलेला आहे. कार्बोरेटरचे सारे भाग क्रमाने, डावीकडून उजवीकडे. त्याच्या मुलीने प्रत्येकाखाली नाव लिहिलं आहे. पडदा, गॅस्केट, तरफ, जाळी. सुईच्या खाली तिने लिहिलं आहे, तुडुम.